सदोष काचेचे सद्गुण

चोवीस कॅरट सोन्याचा दागिना घडत नाही, ही गोष्ट आपल्याकडे घराघरांतल्या बायकांना सराफाइतकीच पक्की ठाऊक असते. चोख सोने फार मऊ. त्याची बांगडी केली तर चार दिवसांत तिला पोचे पडतील आणि पाटलीचा आकार पाहता पाहता बिघडेल. म्हणून सोनार त्यात बेताने तांब्याचे किंवा रुप्याचे हीण घालतो. ‘हीण’ हा शब्द खरे म्हणजे निंदेचा. पण दागिना अंगावर टिकतो तो त्या हिणाच्या जोरावर.

आज ज्या वस्तूची हकिकत सांगावयाची आहे तिची कथा थेट अशीच आहे. ती वस्तू म्हणजे काचेचा तंतू, ऑप्टिकल फायबर. रस्ते खणून जमिनीखाली पुरलेला आणि इंटरनेट घरात आणून सोडणारा हा तंतू आता सर्वांच्या तोंडी आहे. ‘आमच्याकडे फायबर आले’ असे शेजारीण शेजारणीला सांगते. परंतु ह्या घरगुती तंतूची काही भावंडे आहेत आणि त्यांचा परिचय फारसा कोणाला नाही. एक भावंड पोलादाचा पत्रा कापते, दुसरे मुतखड्याचा चुरा करते, तिसरे पुलाच्या पोटात बसून त्याच्यावरचा भार मोजते, तर चौथे पाणबुडीला दिशा दाखवते. ह्या साऱ्यांना ‘विशेष तंतू’ म्हणतात. त्यांचे वैशिष्ट्य कशात, असे विचाराल तर उत्तर मोठे गमतीचे आहे. निर्मळ काचेत मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवावे, म्हणजे विशेष तंतू तयार होतो. कोणात भेसळ, कोणात ताण, कोणात ओरखडे, तर कोणात चक्क भोके!

पण बिघडवण्याची कला समजण्यापूर्वी, शुद्ध तंतू कसा जन्माला आला ते पाहिले पाहिजे.

तलवार गिळणारा रोगी

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण शाळेत शिकलो. १८४१ साली जिनिव्हा येथे दानिएल कोलादों ह्या शास्त्रज्ञाने पाण्याच्या वाकत्या धारेत प्रकाश सोडून दाखवला. धार कमानीसारखी खाली वळली आणि प्रकाशही तिच्याबरोबर वळला! वास्तविक प्रकाशाने आपला सरळपणा सोडला नव्हता. पाण्यातून हवेकडे तो फार तिरका आला की त्याला बाहेर पडता येत नाही आणि तो आरशावर आपटल्यासारखा आत परततो. असा काठाकाठावर आपटत तो धारेच्या वळणाने जातो. ह्यालाच पूर्ण अंतर्गत परावर्तन म्हणतात. १८५४ मध्ये लंडनला जॉन टिंडल ह्यांनीही हा प्रयोग लोकांना दाखवला. पुढे कित्येक वर्षे ह्या युक्तीचा उपयोग मुख्यतः रंगीत कारंजी करून लोकांना रिझवण्याकडे झाला.

तिची खरी गरज होती ती वैद्यांना. माणसाच्या पोटात डोकावून कसे पाहावे, हा त्यांचा जुना प्रश्न. १८६८ साली जर्मनीतील डॉक्टर कुसमाउल ह्यांनी ताठ नळी घशाखाली घालून पोट पाहण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यांना माणूस निवडावा लागला तो तलवार गिळणारा गारुडी! दुसऱ्या कोणाला ते जमणारच नव्हते. पुढच्या नळ्या थोड्याफार वाकत. तरी रोग्याचे हाल व्हायचे ते होतच.

१९३० साली म्युनिकमधील हाइन्‌रिख लाम ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने काचतंतूंची एक जुडी करून तिच्यातून विजेच्या दिव्याच्या तारेचे चित्र पलीकडे नेले. चित्र अंधुक होते, पण कल्पना अचूक होती. प्रत्येक तंतूने चित्रातला एकेक ठिपका न्यावयाचा. जुडी कशीही वाकवा, ठिपक्यांची मांडणी कायम राहिली म्हणजे झाले. आपल्या रांगोळीचे ठिपके एका टोकाला जसे, तसेच दुसऱ्या टोकाला. लाम ज्यू होता. हिटलरच्या राजवटीत त्याला देश सोडून अमेरिकेस जावे लागले आणि ही कल्पना पुढची वीस वर्षे तशीच पडून राहिली.

ती पुन्हा उचलली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात, हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचा भारतीय विद्यार्थी नरिंदर सिंग कपानी ह्यांनी. कपानी पंजाबातल्या मोगा गावचे. जन्म १९२६ चा. प्रकाश फक्त सरळ रेषेतच जातो, असे आपल्या मास्तरांनी ठासून सांगितले तेव्हापासून ते खोटे पाडायचे डोक्यात बसले, असे ते पुढे सांगत. २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ नियतकालिकात ह्या गुरुशिष्यांचा लेख आला. दहा हजारांहून अधिक तंतूंची, ७५ सेंटिमीटर लांबीची जुडी करून त्यांनी चित्र पलीकडे नेले होते. त्याच अंकात हॉलंडच्या फान हील ह्यांचाही एक लेख होता आणि त्यात एक मोलाची सूचना होती. तंतू उघडा ठेवू नका, त्याला वेष्टण घाला!

कारण उघड्या तंतूला बोटाचे तेल लागले, शेजारचा तंतू घासला, ओरखडा पडला, की तेथून प्रकाश निसटतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉक्टर बॅझिल हिर्शोविट्झ आणि भौतिकीचे प्राध्यापक पीटर्स ह्याच अडचणीशी झगडत होते. तोड काढली ती लॉरेन्स कर्टिस ह्या त्यांच्या विद्यार्थ्याने. ज्या काचेत प्रकाश जरा हळू चालतो अशा काचेची दांडी त्याने घेतली, ज्या काचेत तो थोडा वेगाने चालतो अशा काचेच्या नळीत ती घातली, दोन्ही एकत्र तापवली आणि एकतारी पाकाची तार ओढावी तशी ओढली. गाभा एका काचेचा, वेष्टण दुसऱ्या काचेचे. आता प्रकाश परततो तो आतल्या सीमेवरून आणि ती सीमा जन्मभर झाकलेली! ही गोष्ट डिसेंबर १९५६ ची. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्झ ह्यांनी नवी लवचिक दुर्बीण आधी स्वतःच्या घशाखाली घातली आणि मग थोड्याच दिवसांत एका रोग्याच्या. तलवार गिळणाऱ्या गारुड्याची गरज संपली.

आज ‘दुर्बीण घालून तपासले’ असे आपण सहज म्हणतो. हल्लीच्या दुर्बिणीत चित्र टिपण्याचे काम बहुधा टोकावरचा चिमुकला कॅमेरा करतो. परंतु पोटातल्या अंधारात उजेड पोचवण्याचे काम पुष्कळ ठिकाणी अजून काचतंतूंची जुडीच करते.

शंभरातला एक

दीड-दोन मीटर लांबीच्या दुर्बिणीला चालणारी काच मुंबईहून पुण्याला संदेश न्यावयास मात्र कुचकामाची होती. १९६० च्या सुमारास चांगल्यातल्या चांगल्या तंतूतही प्रत्येक मीटरला पाचवा हिस्सा प्रकाश नाहीसा होई. ह्या हिशेबाने वीस मीटरवर शंभरातला एक भाग उरतो. किलोमीटर-दोन किलोमीटर न्यायचा तर काहीच उरायचे नाही.

इंग्लंडमधील हार्लो येथे काम करणारे चार्ल्स काओ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकम ह्यांनी १९६६ साली वेगळा विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की, प्रकाश गिळते ती काच नव्हे. काचेत लपलेले लोखंड, तांबे वगैरे धातूंचे कण त्याला गिळतात. ते काढा. एक किलोमीटरवर शंभरातला एक भाग उरला तरी टेलिफोनचे काम होईल! तेव्हा पुष्कळांना हे स्वप्नरंजन वाटले. पण १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ ह्या तिघांनी त्याहून सरस तंतू करून दाखवला. त्यांनी वाळू वितळवलीच नाही. सिलिकॉनच्या संयुगाची वाफ ज्वाळेत जाळून काजळीसारखी धरली आणि तिची काच केली. वाफ होताना लोखंडासारखी घाण मागेच राहते. आपण पाणी उकळून त्याची वाफ थंड करतो आणि क्षार भांड्याच्या तळाशी राहतात, तसे.

पुढे सुधारणा होत होत आजच्या चांगल्या तंतूत शंभर किलोमीटरवर शंभरातला एक भाग उरतो. वीस मीटर, एक किलोमीटर आणि शंभर किलोमीटर! ही तीन अंतरे लक्षात ठेवली की अर्ध्या शतकातील सारी मेहनत डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्या देशात स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतूची व्यवस्था १९७९ साली पुण्यात सुरू झाली आणि आज तंतू ओढणारे मोठे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज व शेंद्रा येथे आहेत.

काओ ह्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कपानींना मिळाले नाही, ह्याची आपल्याकडे अनेकांना हळहळ वाटली. कपानींनी मीटरभर लांबीतून चित्र नेले आणि ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव लोकांच्या तोंडी बसवले. काओंनी ह्या तंतूला कित्येक कोसांची वाट दाखवली. दोन्ही कामे मोठी, पण वेगळी. कपानी डिसेंबर २०२० मध्ये निवर्तले; २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

येथवर झाली शुद्धीची कथा. आता भेसळीकडे वळू.

गुलाबी भेसळ

शंभर किलोमीटरवर शंभरातला एक भाग उरतो, हे खरे. पण मुंबईहून युरोप हजारो किलोमीटर दूर आहे. वाटेत प्रकाशाला पुन्हा जोर देणे भागच. १९८८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली प्रकाशतंतूची तार पडली. टॅट-८ हे तिचे नाव. एका वेळी चाळीस हजार संभाषणे नेण्याची तिची ताकद होती. तिच्या वाटेवर समुद्रतळाशी ठिकठिकाणी यंत्रे बसवली होती. ती मंद झालेला प्रकाश घेत, त्याची वीज करीत, वीज वाढवून पुन्हा प्रकाश करीत आणि पुढे धाडीत. प्रत्येक टपालचौकीवर पत्र फोडून, नव्याने लिहून पुढे पाठवावे, तसा हा प्रकार. शिवाय यंत्राचा वेग ठरलेला. उद्या अधिक वेगाने संदेश पाठवायचे म्हटले तर समुद्रतळाची सगळी यंत्रे बदलावी लागणार!

हा पेच सुटला तो एर्बियम ह्या धातूच्या चिमटीने. स्वीडनमध्ये इटर्बी नावाचे खेडे आहे. तेथील खाणीच्या दगडात सापडलेल्या चार मूलद्रव्यांची नावे ह्या एका खेड्यावरून पडली. एर्बियम हे त्यांपैकी एक. काचेला गुलाबी झाक आणण्यास ते वापरतात. १९८७ साली इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड पेन ह्यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एमान्युएल देसुर्विर ह्यांनी, तंतूच्या गाभ्यात दहा लाखांत काही शे भाग एर्बियम घालून पाहिले. ह्या तंतूत बाजूच्या एका लहान लेझरचा प्रकाश सोडला की एर्बियमचे अणू तो पिऊन टवटवीत होऊन बसतात. मग दुरून थकूनभागून आलेला संदेश त्यांच्यामधून जाऊ लागला की प्रत्येक अणू आपली साठवलेली शक्ती त्याच रंगाच्या, त्याच तालाच्या प्रकाशरूपाने त्याच्या पदरात टाकतो. दहा-वीस मीटर तंतूत संदेश हजारपट बलवान होतो. कोठे पत्र फोडणे नाही, वीज करणे नाही.

ह्यात निसर्गाचे एक औदार्यही आहे. काच ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत कमी गिळते, नेमकी तीच तरंगलांबी एर्बियमला देता येते! १९९६ च्या टॅट-१२/१३ ह्या तारांत एर्बियमचे तंतू बसले आणि तेव्हापासून समुद्राखालच्या लांब तारांत तीच रीत पडली. एकाच तंतूतून अनेक रंगांचे अनेक संदेश जातात आणि एर्बियम त्या सर्वांना एकदमच हात देते. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर समुद्रातून वर येणाऱ्या तारांतून परदेशची पत्रे, चित्रे आणि पोराबाळांचे हसणे आपल्यापर्यंत येते. त्या हसण्याला वाटेत ह्या गुलाबी भेसळीनेच कैक वेळा बळ दिलेले असते.

पोलाद कापणारा आणि खडा फोडणारा

एर्बियमच्या जागी त्याच खेड्याचे नाव लावणारे दुसरे द्रव्य, इटर्बियम, घातले की तंतूचा स्वभाव पालटतो. आता तो संदेश वाढवीत बसत नाही. स्वतःच लेझर बनतो. काचतंतूतून लेझर निर्माण करण्याची वाट अमेरिकेतील एलियास स्निट्झर ह्यांनी १९६१ च्या सुमारास दाखवली होती. पण शक्ती फार थोडी मिळे, कारण केसाहून कितीतरी बारीक गाभ्यात प्रकाश कोंबणार किती? १९८८ साली स्निट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतूला दुहेरी वेष्टण दिले. स्वस्त लेझरांचा पसरट, ओबडधोबड प्रकाश आतल्या रुंद वेष्टणात सोडायचा. तो आपटत आपटत जाताना पुन्हा पुन्हा गाभ्यातून जातो, तेथले भेसळीचे अणू त्याला पितात आणि बाहेर पडतो तो एकच, सुईसारखा रेखीव झोत. दहा नाल्यांचे पाणी एका तोटीतून काढावे तसे!

हे लेझर आता हजारो वॉट शक्तीचे असतात आणि पोलादाचे जाड पत्रे कापतात, जोडतात. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत जाळीदार नक्षीचे लोखंडी दरवाजे कापणारी यंत्रे पाहिली असतील, त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात हाच तंतू वेटोळे घालून बसलेला असतो. लांब आणि बारीक असल्यामुळे तो चटकन थंडही होतो.

तिसरे द्रव्य थुलियम. त्याच्या तंतूतून निघणारा प्रकाश पाणी अतोनात शोषून घेते. आता मुतखडा आणि त्याभोवतीचे पाणी ध्यानात आणा. ज्या कळेने भलाभला गडी गडाबडा लोळतो, तो खडा फोडण्यासाठी मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून तिच्यातून एक साधा काचतंतू खड्याशी नेतात आणि थुलियमच्या लेझरचा प्रकाश सोडतात. खड्याचा भुगा होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो. पोटाला चीर नाही, टाका नाही.

ओरखडा की मोजपट्टी?

आता भेसळीकडून ओरखड्याकडे. १९७८ साली कॅनडात ऑटवा येथे केनेथ हिल आणि त्यांचे सहकारी एका तंतूत लेझरचा निळसर प्रकाश सोडून तपासत होते. त्यांना चमत्कार दिसला. जसजशी मिनिटे गेली तसतसा तंतू अधिकाधिक प्रकाश माघारी पाठवू लागला. तंतू बिघडत चालला होता! शोध घेता कळले की जाणारा आणि टोकावरून परतणारा प्रकाश मिळून तंतूत उजेड-अंधाराचे स्थिर पट्टे पडत होते; आणि गाभ्यात घातलेल्या जर्मेनियममुळे त्या पट्ट्यांचा ठसा काचेतच उमटत होता.

१९८९ मध्ये अमेरिकेतील मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन ह्यांनी हे पट्टे अतिनील प्रकाशाने तंतूच्या बाजूने पाडण्याची रीत काढली. सेंटिमीटरभर तंतूत असे सुमारे अठरा हजार पट्टे बसतात. अशा तंतूत पांढरा प्रकाश सोडला तर पट्ट्यांच्या अंतराशी जुळणारा एकच रंग परत येतो, बाकीचे निघून जातात. तंतू ताणला की पट्ट्यांतले अंतर वाढते आणि परतणारा रंग बदलतो. किलोमीटरमागे मिलिमीटर, इतका सूक्ष्म ताणही ह्या रंगबदलातून कळतो. उष्णता वाढली तरी रंग हलतो. मग तंतूचा थर्मामीटर करा, नाहीतर वजनकाटा!

कॅनडातच कॅलगरी शहरात १९९३ च्या सुमारास बांधलेल्या बेडिंग्टन ट्रेल पुलाच्या पोटात असे तंतू बसवले गेले. काँक्रीटच्या आत काय चालले आहे हे बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. भेग दिसते तेव्हा पुष्कळदा वेळ गेलेली असते. तंतू मात्र आतल्या आत ताण भोगतो आणि रंग बदलून सांगतो. त्याला वीज लागत नाही, त्याच्यापासून ठिणगी उडत नाही, गंज चढत नाही. म्हणून तेलाच्या टाकीत, मोठ्या दाबाच्या विद्युत्‌यंत्रात, रुग्णालयातील एम.आर.आय.च्या प्रचंड चुंबकाशेजारी, जेथे तारांची साधने घाबरतात, तेथे हा ओरखडलेला तंतू निर्धास्त बसतो.

मुद्दाम दिलेला ताण

प्रकाश ही लाट आहे आणि लाट एका ठरावीक पातळीत हेलकावते. साध्या तंतूला किंचित बाक आला, ऊन लागले, की ही पातळी फिरते. टेलिफोनचे त्यावाचून अडत नाही. पण नाजूक मोजमाप करणाऱ्याचे सगळे गणित चुकते. ह्यावर तोड म्हणून गाभ्याच्या दोन बाजूंना बोरॉनमिश्रित काचेच्या दोन दांड्या ठेवून तंतू ओढतात. थंड होताना त्या दांड्या अधिक आकसतात आणि गाभ्याला कायमचे दोन्हीकडून ओढून धरतात. असा जन्मजात ताण घेतलेला गाभा लाटेची पातळी फिरू देत नाही. तंतूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन काळे डोळे असलेल्या पांडा अस्वलाच्या तोंडासारखा दिसतो. जपानात निघालेल्या ह्या तंतूचे नावच ‘पांडा’ आहे.

ह्याचा मोठा उपयोग दिशा ओळखण्यात. फ्रेंच शास्त्रज्ञ साग्नाक ह्यांनी १९१३ साली दाखवले की वर्तुळाकार वाटेवर दोन झोत उलटसुलट सोडले आणि ती वाटच फिरू लागली, तर एका झोताला किंचित जास्त आणि दुसऱ्याला किंचित कमी अंतर पडते. १९७६ मध्ये अमेरिकेतील वाली आणि शॉर्टहिल ह्यांनी ही वाट काचतंतूच्या वेटोळ्याची केली. शेकडो मीटर तंतू मुठीएवढ्या रिळावर गुंडाळायचा. रीळ जरा फिरले की दोन झोतांतला फरक ते सांगते. ह्यात फिरता भोवरा नाही, झिजणारे काही नाही. चांगले रीळ पृथ्वीचे तासाला पंधरा अंशांचे फिरणेही ओळखते. विमाने, अग्निबाण आणि वर आकाश दिसत नाही अशा खोल पाण्यातल्या पाणबुड्या आपली दिशा ह्याच्या आधाराने राखतात.

जो दोष जाईना

काही दोष कितीही धुतले तरी जात नाहीत. वितळलेली काच थिजताना तिच्यात कोठे सूक्ष्म दाटी, कोठे विरळपणा तसाच गोठून राहतो. त्यावर आपटून थोडा प्रकाश विखुरतो आणि त्यातला कणभर मागे परततो. आकाश निळे दिसते ते अशाच विखुरण्याने. तंतू करणाऱ्यांनी ह्या दोषापुढे हात टेकले. पण मोजणाऱ्यांनी त्यालाच कामाला लावले.

तंतूत प्रकाशाचा क्षणिक ठोका सोडायचा आणि प्रतिध्वनीसारखा परतणारा प्रकाश ऐकायचा. परत यायला किती वेळ लागला त्यावरून तो कोठून आला हे कळते. त्यातल्या काही रंगांवरून त्या जागेची उष्णता कळते. एका टोकाला बसवलेली एकच पेटी तीस किलोमीटर तंतूच्या मीटरा-मीटरची उष्णता सांगू शकते. बोगद्यात आग कोठे लागली, जमिनीखालची विजेची केबल कोठे तापली, हे शोधायला माणूस पाठवावा लागत नाही. तंतू हलला की परतणारा प्रकाश थरथरतो. तेलवाहिनीवर कोणी कुदळ मारली तरी कळते. आता तर हे ऐकणे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून काही तंतूंत असे दोष जाणूनबुजून वाढवतात!

ह्याच कुळातला आणखी एक किस्सा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अचूक घड्याळांची वेळ तंतूतून धाडण्याचे प्रयोग चालले होते. तंतूतल्या बारीकसारीक थरथरीचा त्या मंडळींना जाच होई. २०१६ साली इटलीत भूकंप झाला आणि त्याची थरथर इंग्लंडच्या जमिनीखालच्या तंतूत उमटली. जो जाच वाटत होता तो भूकंपमापक निघाला! २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात माल्टा ते सिसिली ह्या समुद्राखालच्या तारेतूनही भूकंप टिपल्याचे आहे. समुद्रतळावर भूकंपमापक यंत्रे फार थोडी. तारा मात्र आधीच अंथरलेल्या.

भोकांची किंमत

आणि शेवटी भोके. फिलिप रसेल ह्या शास्त्रज्ञाला १९९१ च्या सुमारास सुचले की वेष्टणासाठी दुसरी काच तरी कशाला? काचेच्या बारीक नळ्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या रचाव्या आणि एकत्र ओढाव्या. म्हणजे तंतूच्या लांबीभर बारीक भोक्यांची रांग राहील आणि तीच प्रकाशाला आवरून धरील. १९९६ मध्ये असा तंतू साउदम्प्टनला तयार झाला. भोकांची मांडणी बदलून प्रकाशाला हवे तसे वळवता येते. २००० साली बेल प्रयोगशाळेत अशा तंतूच्या एका टोकाने एकाच रंगाचे लेझरचे ठोके सोडले, तर दुसऱ्या टोकाने इंद्रधनुष्याचे सगळे रंग बाहेर आले! प्रकाशाची कंपने मोजणारी अत्यंत अचूक ‘फणी’ करण्यास हे रंग कामी आले. त्या कामासाठी हेन्श आणि हॉल ह्यांना २००५ चे नोबेल मिळाले.

पुढची पायरी म्हणजे गाभाच पोकळ ठेवणे. १९९९ साली इंग्लंडमधील बाथ येथे रसेल ह्यांच्या मंडळींनी पोकळ गाभ्यातून प्रकाश नेऊन दाखवला. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर चालतो, हवेत तीन लाख. साहजिकच पोकळ तंतूतला संदेश लवकर पोचतो. आरंभी त्यात प्रकाश फार वाया जाई. परंतु २०२५ साली साउदम्प्टनच्या संशोधकांनी जो पोकळ तंतू जाहीर केला, त्याच्या हिशेबाने शंभरातला एक भाग उरण्यास सुमारे २२० किलोमीटर जावे लागते. वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर ह्या आपल्या ओळीत हा चौथा आकडा. आणि तो मिळाला काच साफ करून नव्हे, तर काच वाटेतून बाजूला करून!

आधी शुद्धी, मग हीण

येथे एक गैरसमज मात्र होऊ देता कामा नये. दोष गुणकारी ठरले म्हणून गलथानपणाला मोकळीक मिळत नाही. लोखंडाने बरबटलेल्या काचेत एर्बियमची चिमूट टाकली असती तर प्रकाश त्या लोखंडानेच गिळला असता आणि एर्बियमचा गुण कोणास दिसलाही नसता. काओ-कॉर्निंग मंडळींनी काच इतकी निर्मळ केली, म्हणून पेन-देसुर्विर ह्यांच्या चिमटीला अर्थ आला. आधी सोने चोख करावे लागते, मगच सोनाराला किती हीण घालावयाचे ते ठरवता येते.

हे ठरवणे फार कसबाचे आहे. घरी येणारा तंतू लाखो किलोमीटरच्या हिशेबाने ओढला जातो. विशेष तंतूची मागणी कधी कधी काही किलोमीटरची, कधी काही मीटरचीही असते. पण त्या थोडक्या लांबीसाठी वाफेचे मिश्रण, ज्वाळेची धग, दांडीची रचना, ओढण्याचा वेग, सगळे नव्याने बसवावे लागते. ही पाककृती कोणी सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही. स्वतः दांड्या जाळून, तंतू तोडून, पुन्हा ओढूनच ती हाताला येते. कलकत्त्याच्या जादवपूरमधील केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी एर्बियमचे आणि अन्य विशेष तंतू ओढले आहेत, ह्याचे मोल म्हणूनच मोठे. कारण पूल आपले, बोगदे आपले, मुतखड्याची कळ सोसणारी माणसेही आपलीच. त्यांच्या उपयोगी पडणारे हीण कोणते आणि ते किती गुंजा घालावयाचे, हे आपल्या हाताला ठाऊक असलेले बरे.